तीन गुंफा, तीन धान्यं: सहल आखणाऱ्या मराठवाड्यातल्या शाळांना खुलं पत्र

प्रति,
मराठवाड्यातल्या शाळांचे मुख्याध्यापक, सहलप्रमुख आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

‘कला आणि देशोदेशीचं खाणं’ असा विषय घेऊन सहल काढायची ज्या शाळांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे पत्र. विषय फार चांगला आहे, पण आखणीत तो वाया जातो. पहाटे चारला बस निघते. एका दिवसात वेरूळ, घृष्णेश्वर, दौलताबाद, मकबरा आणि पाणचक्की उरकली जाते, आणि रात्री हायवेवरच्या हॉटेलात नूडल्स नि मंचुरियन मागवून परदेशी खाणंही झालं असं धरलं जातं. मुलांनी दिवसभरात सर्वांत जास्त पाहिलेली वस्तू म्हणजे पुढच्या सीटची पाठ.

आमची विनंती अशी की एका दिवसात एकच ठिकाण घ्या. सहलीच्या आधी आणि नंतर मिळून शाळेतच तीन दिवस मातीकामाला आणि चुलीला द्या. परदेशातून आलेले रंग आणि परदेशातून आलेली धान्यं याच मुलखात एकत्र नांदत आहेत. मुलांना ती डोळ्यांनी, हातांनी आणि जिभेने भेटवायची, एवढाच या सहलीचा खटाटोप.

ठिकाण अजिंठा. तिथल्या तीस गुंफांपैकी तीनच दाखवा: 1, 10 आणि 17. गुंफा 1 मध्ये शिरल्याबरोबर मुलं पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्राकडे धावतात. ते बघूनच घ्यावं, पण नंतर त्यांना मान वर करायला सांगा. छतावरच्या नक्षीच्या चौकटींमध्ये एक दाढीवाला माणूस बसलेला आहे. डोक्यावर टोपी, अंगात लांब बाह्यांचा अंगरखा, हातात पेला, आणि आजूबाजूला खाण्यापिण्याचं साहित्य घेतलेली माणसं. पोशाख इराणी धाटणीचा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांना तो इराणच्या बादशहाने चालुक्य राजा पुलकेशीकडे पाठवलेल्या वकिलातीचा प्रसंग वाटला होता. गुंफेचा काळ आता बहुतेक अभ्यासक पाचव्या शतकात धरतात, म्हणजे पुलकेशीच्या बऱ्याच आधी, त्यामुळे तो तर्क मागे पडला. तरीही परदेशी माणूस, त्याचे कपडे आणि त्याचं पेय हे दख्खनच्या चित्रकाराला चितारता येण्याइतकं ओळखीचं होतं, एवढं त्या चौकटीत स्वच्छ दिसतं. आपल्या विषयातली कला आणि खाणं दोन्ही त्या हातभर जागेत आहेत. मुलांना तिथे दहा मिनिटं द्या.

त्या चित्रातली निळाई हा दुसरा धडा. अजिंठ्याचे बाकी रंग आसपासच्या मातीदगडातले आहेत: गेरूचा तांबडा, पिवळ्या मातीचा पिवळा, हिरवट दगडाचा हिरवा, काजळीचा काळा, चुन्याचा आणि पांढऱ्या मातीचा पांढरा. निळा मात्र लाजवर्दाचा. हा दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येत होता. गुंफा 10 मधल्या जुन्या, इसवी सनापूर्वीच्या थरात तो निळा नाही. खांबांवर नंतरच्या काळातलं रंगकामही आहे, तेव्हा तुलना डावीकडच्या भिंतीवरच्या जुन्या थराशीच करायला लावा. याच गुंफेतल्या एका खांबावर 28 एप्रिल 1819 ला जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपलं नाव कोरलेलं आहे. भिंतीवर नाव कोरू नये हे शंभरदा सांगण्यापेक्षा तो ओरखडा एकदा दाखवलेला बरा. गुंफा 17 मध्ये सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा आहे, म्हणजे समुद्रप्रवास, व्यापारी आणि श्रीलंका. इथे पंधरा मिनिटं पुरतात.

आता आखणी. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. ही साधी गोष्ट विसरल्यामुळे भरलेली बस दारावरून परत फिरते. छत्रपती संभाजीनगरहून अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे, पण घाट आणि वाहतूक धरून तीन तास मोजा. आपली गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटलाच थांबते. तिथून पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने जायचं, त्यासाठी जाता-येता मिळून एक तास वेगळा काढा. पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेशशुल्क नाही, म्हणून वर्गवार जन्मतारखांची यादी मुख्याध्यापकांच्या सहीनिशी जवळ ठेवा. रंगवलेल्या गुंफांत चपला-बूट बाहेर काढावे लागतात, तेव्हा नाड्यांचे बूट नकोत. फ्लॅश चालत नाही आणि तो चालू नये हेच योग्य आहे. श्वासातल्या ओलाव्यानेही ही चित्रं खराब होतात, म्हणून चाळीसची झुंड आत न घालता वीस-वीसचे दोन गट करा: एक गुंफा 1 मध्ये, दुसरा 10 मध्ये, मग अदलाबदल. दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस हवं.

आत शिरल्यावर पहिली तीन मिनिटं कोणी काहीही समजावून सांगू नका. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधार सरावायला तेवढा वेळ लागतो. बहुतेक शिक्षक याच तीन मिनिटांत सगळी माहिती सांगून टाकतात आणि मुलांना भिंत काळीच दिसत राहते. मग प्रत्येकाने पेन्सिलीने एकच गोष्ट काढायची: एक हात, एक टोपी किंवा एक पेला. पेन आणि रंगपेटी आत नेऊ नका.

डबा गुंफांमध्ये उघडायचा नाही. वानरं पिशव्या हिसकतात, आणि सांडलेल्या अन्नाला मुंग्या नि कीडही येते. खाली बागेत किंवा टी-पॉइंटला जेवा. डब्याच्या झाकणावर काय काय आहे तेही मुलांकडून लिहून घ्या. ज्वारीची भाकरी असेल तर ज्वारी ईशान्य आफ्रिकेतली, सुदानच्या आसपासची. शेंगदाणे दक्षिण अमेरिकेतले. मिरची अमेरिका खंडातली, पोर्तुगिजांमार्फत सोळाव्या शतकात इकडे आली. लसूण मध्य आशियातला. तीळ मात्र आपल्याकडचा, तो इथून पश्चिमेकडे गेला. धपाटं आणि शेंगदाण्याची चटणी या एका घासात तीन खंड येतात, आणि हे कळल्यावर मूल डब्याकडे वेगळ्या नजरेने बघतं.

लातूर, धाराशिव, बीड, नांदेडकडच्या शाळांना अजिंठा दूर पडतो. त्यांच्यासाठी तेर आहे. हेच प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी टिपणात पैठण आणि तगर ही दोन्ही नावं आहेत. इथला माल गाड्यांवरून भडोचच्या बंदरात जाई, आणि त्या बंदरात उतरणाऱ्या मालात इटलीची दारूही नोंदलेली आहे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात मातीच्या मूर्ती, मणी आणि हस्तिदंती काम आहे. इथे मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तुलना इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडलेल्या भारतीय मूर्तीशी केली जाते. पाँपेई इसवी सन 79 मध्ये गाडलं गेलं, तेव्हा मूर्ती त्याआधीच तिकडे पोचली होती. संग्रहालयाची सुट्टी आणि वेळ आधी फोनवर विचारा, आणि वाटेत गोरोबाकाकांचं मंदिर नि विटांचं त्रिविक्रम मंदिर पाहा. चित्रांऐवजी मूर्ती आल्या तरी पुढची सगळी कृती तशीच करता येते.

मातीकाम सहलीच्या आठ दिवस आधी सुरू करा. अजिंठ्याच्या भिंतीवर आधी मातीचा गिलावा आहे, त्यात तूस आणि वनस्पतींचे धागे, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवलेले रंग. हे मुलांनी स्वतः करून मग भिंत पाहिली की त्यांना पोपडे, भेगा आणि उडालेले रंग वाचता येतात. प्रत्येक मुलाला एक साधी वीट द्या. तिची मोठी बाजू सुमारे 23 बाय 11 सेंटीमीटर असते, एका चित्राला ती पुरते आणि खडबडीत असल्याने गिलावा धरते. चाळीस विटांसाठी चाळलेली माती 12 किलो, बारीक वाळू 4 किलो, चाळलेला गव्हाचा भुसा 400 ग्रॅम.

माती निवडताना सगळ्यात मोठी चूक होते. आपली काळी माती कापसाला उत्तम, गिलाव्याला वाईट. ती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी वीटभर भेगा पडतात. तांबडी किंवा पांढरी माती, नाहीतर नदीकाठची गाळाची माती घ्या. काळीशिवाय दुसरी मिळतच नसेल तर वाळू दुप्पट करा. माती, वाळू आणि भुसा भिजवून एक रात्र झाकून ठेवा, म्हणजे भुसा मऊ पडतो. वीट दहा मिनिटं पाण्यात बुडवा. कोरडी वीट गिलाव्यातलं पाणी शोषून घेते आणि थर सुटून येतो. एक सेंटीमीटर जाडीचा थर हाताने दाबून लावायचा आणि चार-पाच दिवस सावलीत वाळवायचा. उन्हात ठेवलात की वरचा पापुद्रा आधी वाळतो आणि कडा वर उचलतात. वाळल्यावर पाण्याचा हात फिरवून ताकासारखा पातळ चुना एकदा लावा. चुना मोठ्यांनीच लावावा, तो कातडीला आणि डोळ्यांना झोंबतो. थोडा ओलसर असतानाच वाटीच्या पाठीने घासून गुळगुळीत करा.

रंगवायचं सहलीहून आल्यावर. बाभळीचा डिंक 50 ग्रॅम 200 मिलिलिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळा. एक चमचा रंगाला एक चमचा डिंकपाणी आणि एक चमचा साधं पाणी. डिंक जास्त झाला तर रंग चकाकतो आणि पोपडे धरतो, कमी झाला तर बोटाला खडूसारखा लागतो. काजळी पाण्यावर तरंगते, म्हणून ती आधी दोन थेंब डिंकपाण्यात बोटाने मळून घ्या. गेरूने रेषा, मग रंग भरणं, शेवटी गडद रेषा, हाच क्रम ठेवा.

लाजवर्द शाळेला परवडणार नाही, पण कपड्यांच्या निळीची पुडी परवडते. पुडीतली ही कोरडी नीळ म्हणजे 1828 च्या सुमारास युरोपात प्रयोगशाळेत जमलेला तोच रंग. लाजवर्दाला निळाई देणारं द्रव्य आणि हे द्रव्य रसायनाच्या दृष्टीने एकच. बाटलीतली पातळ नीळ मात्र वेगळा रंग आहे, ती चालत नाही. नीळ चुन्यावर टिकते पण आम्लाने फिकी पडते. म्हणून रंगकाम आणि लिंबं चिरणं एकाच टेबलावर ठेवू नका. आणि एका जुन्या वाटीत चिमूटभर निळीवर लिंबू पिळून हे मुलांना मुद्दाम दाखवाही.

आता चूल. पदार्थ तीन, आणि तिघांचं धान्य आपल्याच शिवारातलं: हरभऱ्याचा हमस, मक्याचा तोर्तिया म्हणजे मेक्सिकोतली पातळ भाकरी, आणि ज्वारीचा किसरा. जानेवारीत सहल काढलीत तर बसच्या खिडकीतून शाळू हुरड्यावर आलेला दिसतो, हरभऱ्याला घाटे दिसतात आणि सिल्लोडच्या बाजारात मका नि मिरची. खाण्याचा दिवस सहलीच्या दिवशी ठेवू नका. शिजवलेला हरभरा बसमध्ये पाच-सहा तास ठेवून खाऊ घालणं धोक्याचं आहे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी शाळेच्या किचनशेडमध्येच करा, आणि केल्यापासून दोन तासांच्या आत संपवा.

हमस हा सिरिया, लेबनॉन, पॅलेस्टाइनकडचा रोजचा पदार्थ. हरभऱ्याची लागवडही आजच्या आग्नेय तुर्कस्तानातच सुरू झाली. चाळीस मुलांना काबुली हरभरा 600 ग्रॅम, तीळ 200 ग्रॅम, तेल 60 मिलिलिटर, लिंबं आठ, लसूण बारा पाकळ्या, मीठ. तिकडे ऑलिव्हचं तेल वापरतात. आपल्याकडे घाण्याचं करडईचं तेल घ्या, करडईचंही मूळ तिकडचंच आहे. हरभरा अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून दहा-बारा तास भिजवा, धुऊन ताज्या पाण्यात अगदी पिठूळ होईपर्यंत शिजवा. दाणा दोन बोटांत सहज चिरडला पाहिजे. इथे घाई झाली की हमस रवाळ होतो आणि मुलं पहिल्या घासालाच ताट सरकवतात. तीळ मंद आचेवर फक्त सुगंध येईपर्यंत भाजा, तांबूस झाले की कडू. गरम असतानाच तेलासह वाटा, मग लिंबू, लसूण आणि गार पाणी घाला. गार पाण्याने ते फेसाळून पांढरं होतं. शेवटी हरभरा. जी घरं लसूण खात नाहीत त्यांच्यासाठी लसणाआधीच एक वाटा वेगळा काढा. तिळाची, शेंगदाण्याची ॲलर्जी कोणाला आहे हे संमतिपत्रातच विचारा.

मक्याला सर्वांत जास्त वेळ द्या, कारण शिकण्यासारखं त्यात सर्वांत जास्त आहे. मका मेक्सिकोचा, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तिथे माणसाळलेला. तिथले लोक तो चुन्याच्या पाण्यात शिजवतात. त्याने दाण्याचं साल सुटतं, पिठाला चिकटपणा येतो, आणि एरवी शरीराला न मिळणारं नायसिन हे जीवनसत्त्व मोकळं होतं. युरोपने मका नेला पण ही रीत नेली नाही, आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकात उत्तर इटलीत केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाचा रोग जडला. पदार्थाबरोबर त्याची कृती का शिकायची, याला एवढं एक उदाहरण मुलांना पुरतं.

वाळलेला मका दीड किलो, पाणी पाच लिटर, पानाला लावायचा ओला चुना 30 ग्रॅम. मका बाजारातला, खाण्याचाच हवा. बियाण्याच्या पिशवीतल्या गुलाबी-हिरव्या दाण्यांना विषारी औषध चोळलेलं असतं, ते धुऊनही वापरायचं नाही. भिंतीला लावायचा चुनाही नको. भांडं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमला चुना खातो. पाऊण तास मंद उकळा, झाकून रात्रभर ठेवा. सकाळी साल बोटांनी चोळलं की सुटेल. तीन-चार पाण्यांनी धुवा, मोठ्यांनीच. मग मिक्सरच्या लहान भांड्यात थोडा थोडा, अगदी कमी पाण्यात वाटा. गोळा हाताला चिकटत असेल तर पाणी जास्त, कडेला चिरत असेल तर कमी. सुपारीएवढ्या गोळ्या करून प्लास्टिकच्या दोन कागदांत ठेवा, वरून सपाट ताटलीने दाबा आणि तापलेल्या तव्यावर दोन्हीकडून मिनिटभर भाजा. कापडात गुंडाळून ठेवले तरच मऊ राहतात. वरून टोमॅटो, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू. साध्या मक्याच्या पिठाची एक भाकरी शेजारी थापून दाखवा, ती कशी फाटते ते मुलं स्वतःच सांगतील.

किसरा सुदानचा. ज्वारीचं पीठ एक किलो, कोमट पाणी सुमारे दोन लिटर, आणि आंबट ताक किंवा आधीची आंबील चार चमचे. थंडीत चोवीस तास आंबवा, वरती बारीक बुडबुडे आणि आंबूस वास हवा. तव्याला तेलाचा बोळा फिरवून पळीभर पीठ ओता आणि उलथन्याच्या धारेने पातळ ओढा. एकाच बाजूने भाजायचा. तवा गार असेल तर चिकटतो, फार तापला तर पीठ ओढायच्या आधीच धरतं. पहिले दोन फाटणारच. पातळ रश्शाबरोबर खायला द्या.

शेवटी एक मागणी, आणि ती आग्रहाची. या दिवसाचं काम शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंवर फुकट टाकू नका. किसऱ्याचं पीठ किती आंबलं, तवा किती तापला हे धिरडं घालणाऱ्या हातालाच कळतं, आणि त्या दिवशी वर्गाच्या खऱ्या शिक्षिका त्याच असतात. सहलीच्या अंदाजपत्रकात हॉटेलच्या जेवणासाठी धरलेली रक्कम असते. त्यातून त्यांचा जादा दिवसाचा मेहनताना आधी काढा, मग मका-हरभऱ्याचं सामान भरा, आणि उरेल त्यातून ज्या मुलांना वर्गणी जमत नाही त्यांची भरपाई करा.

आपले,
मराठवाड्यातले काही कलाशिक्षक आणि चुलीशी रोज गाठ असलेली माणसं